मिक्सर बिघडलेला नाही

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी या पावसाळ्यात एकच मिक्सर दोनदा दुरुस्तीला दिला. दोन्ही वेळा दुकानात तो मस्त चालला. घरी वाटणाला लावला की अख्ख्या घराची लाइट जायची. मग इस्त्रीनेही जायला लागली. वायरमनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "काकू, हा स्विच खराब झालाय. डायरेक्ट करून देतो, परत कटकट नाही." काकूंनी तेवढ्यात मला हाक मारली हे फार बरं झालं. कारण तो स्विच म्हणजे आरसीसीबी होता, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की वीज तोडणारा खटका, आणि त्या बोर्डात माणसाचा जीव वाचवायला बसवलेली तेवढी एकच वस्तू होती.

लाइट गेली की आधी बघायचं, नेमका कोणता खटका पडलाय. छोटा एमसीबी पडला असेल तर करंट जास्त झालाय. 3000 वॉटचा गीझर, 2000 वॉटची इंडक्शन शेगडी आणि 1000 वॉटची इस्त्री एकाच 16 अँपिअरच्या एमसीबीवर असतील तर 230 व्होल्टला 26 अँपिअर होतात. आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्टसर्किट असेल तर पट्टी तापण्याची वाट न बघता शेजारची कॉइल क्षणात काम करते. अशा वेळी "मोठा एमसीबी टाका" हा सल्ला घातक आहे, कारण भिंतीतली वायर तीच राहते. मग एमसीबीच्या आधी वायर तापते.

आरसीसीबीचं काम वेगळंच आहे, आणि मला ते यंत्र मनापासून आवडतं. किती करंट वाहतोय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तो फक्त गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो. आत लोखंडी गाभ्याची एक कडी असते. करंट आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल, दोन्ही वायरी तिच्यातून जातात. फेजमधून 3 अँपिअर आत गेले आणि न्यूट्रलमधून तेवढेच बाहेर आले, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पूर्ण खोडतात. कडीला काहीच जाणवत नाही. पण थोडा करंट दुसऱ्या वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून, गीझरच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला की परत येणारा कमी पडतो. तेवढ्या फरकाने कडीत चुंबकत्व उरतं आणि तिच्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेत अगदी इवलासा करंट तयार होतो.

इवल्याशा करंटने एवढा खटका पडतो कसा? खटका पाडायला लागणारी ताकद आधीच ताणलेल्या स्प्रिंगमध्ये असते. एक कायमचुंबक ती स्प्रिंग जेमतेम धरून ठेवतो. बारीक तारेतला करंट त्या चुंबकाची पकड किंचित ढिली करतो, की बाकीचं काम स्प्रिंग करते.

घरगुती आरसीसीबीवर 30 मिलीअँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे एवढा फरक पडला की तो पडायलाच हवा. अमेरिकेत बर्कलीला चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर मोजून पाहिलं होतं, की हातात धरलेली तार किती करंटपर्यंत स्वतःहून सोडता येते. पुरुषांसाठी सरासरी 16 मिलीअँपिअर आली, स्त्रियांसाठी साधारण 10. त्याच्या पुढे मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. 30 ला करंट लागल्याचं जाणवतं, दुखतंही, पण 0.3 सेकंदाच्या आत वीज तुटते. फरक मोठा असेल तर 0.04 सेकंदात. हृदयाचा एक ठोका साधारण 0.8 सेकंदाचा असतो.

आता मिक्सरकडे येऊ. एखाद्या उपकरणात फेजची वायर गळत असती तर फक्त ते उपकरण चालू करताच आरसीसीबी पडला असता. गीझरची कॉइल फुटून आत पाणी शिरलं की असंच होतं. इथे मात्र कधी मिक्सर, कधी इस्त्री. माझा संशय न्यूट्रलवर होता. घरात कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला टेकली असेल, तर घरातल्या *कोणत्याही* उपकरणाचा परतीचा करंट तिथे दोन वाटांनी फुटतो. बराचसा न्यूट्रलमधून आणि थोडा अर्थिंगमधून डीपीकडे, म्हणजे बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरकडे जातो. मिक्सर 750 वॉटचा, म्हणजे 3.3 अँपिअर. त्यातला एक टक्का जरी अर्थिंगकडे वळला तरी 33 मिलीअँपिअर होतात. मिक्सर दुकानात चालतो आणि घरात दोषी ठरतो, तो असा. इमारतीत शेजाऱ्यांचा लोड वाढला की न्यूट्रलवर दोन-तीन व्होल्ट चढतात. मग घरात काहीही चालू नसताना आरसीसीबी पडू शकतो, आणि लोकांना त्यात भलतंच काही दिसायला लागतं. काकूंना कुणीतरी बोर्ड आग्नेयेला हलवायला सांगितलं होतं. वायरीला दिशा कळत नाही. ओल आणि उघडं तांबं मात्र कुठल्याही दिशेच्या भिंतीत करंटला वाट देतं.

"सगळे एमसीबी पाडा आणि एकेक चालू करत बघा" हा नेहमीचा सल्ला इथे फसवतो. आपल्याकडचा साधा एमसीबी आणि भिंतीवरचं बटण, दोन्ही फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून बटणं बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून उपटून काढावे लागतात. काकूंकडे सगळे प्लग काढूनही आरसीसीबी टिकेना. म्हणजे दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये होता.

वायरमनला राजी केलं. त्याने मेन बंद केला, आरसीसीबी पाडला आणि मल्टीमीटरचं एक टोक न्यूट्रलच्या पट्टीवर, दुसरं अर्थिंगच्या पट्टीवर ठेवलं. बझर वाजला: 1.8 ओम. तिथे लाखो ओम दिसायला हवे होते, म्हणजे दोन्ही कुठेतरी एकमेकींना टेकल्या होत्या. मग न्यूट्रलच्या काळ्या वायरी पट्टीतून एकेक सोडवत गेला. चौथी सोडली आणि बझर थांबला. ती बाल्कनीच्या सॉकेटची होती.

तिथली प्लेट उघडली. पत्र्याच्या बॉक्सचा लांब स्क्रू काळ्या वायरीच्या प्लास्टिकमध्ये रुतला होता. मोहरीच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडलं होतं, त्याला हिरवट गंज चढलेला आणि बॉक्सच्या तळाशी पाण्याचा डाग. बॉक्सला अर्थिंग जोडलेली होतीच.

वायरमनने वायर कापून नवी जोडली, स्क्रू आखूड घातला आणि सगळ्या न्यूट्रल परत बसवल्या. मग आरसीसीबी वर करून मी त्यावरचं 'टी' बटण दाबलं. ते बटण आतल्या एका रेझिस्टरमधून थोडा करंट कडीला वळसा घालून नेतं, मुद्दाम फरक पाडतं. खटका टक्कन पडला. पुन्हा वर केला आणि काकूंनी मिक्सर लावला.