कुकर लावून मोकळं होणं : संध्याकाळच्या सोप्या जेवणाची पार्श्वभूमी

दमून घरी आल्यावर मराठी घरात जे शिजतं, त्याची यादी छोटी आहे. पिठलं-भात, मुगाची खिचडी, वरण-भात-तूप-लिंबू, आणि फ्रिजमध्ये तोंडली-वांगी असलीच तर मसालेभात. रविवारी दुपारी साग्रसंगीत जेवण झालं की संध्याकाळी खिचडी हा तर कितीतरी घरांतला न लिहिलेला नियम. पदार्थ जुनेच आहेत. मात्र यातले काही पदार्थ पूर्वी मुळीच सोपे नव्हते. ते कमी कष्टाच्या यादीत आले ते भांडं आणि आच बदलल्यावर.

खिचडीचा उल्लेख चौदाव्या शतकातल्या एका परदेशी प्रवाशाच्या वर्णनात आहे : मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर न्याहारीला खातात, असा. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या मुघल दरबारी नोंदींत तांदूळ, डाळ आणि तूप समभाग घेतलेली खिचडी आहे. एवढं तूप ओतलेल्या खिचडीला साधं जेवण म्हणणं जडच जाईल.

चुलीच्या काळात रात्रीचं खरं बिनकष्टाचं जेवण म्हणजे पिठलं. कारण साधं आहे. तुरीची डाळ उघड्या पातेल्यात पाऊण ते एक तास घेते, तीही वैरल्यापासून राखण करत, फेस काढत, आधणाचं पाणी वाढवत. हरभऱ्याची डाळ जात्यावर आधीच दळून ठेवलेली असली की पंधरा मिनिटांत कालवण तयार होतं. भात चुलीवरून उतरवून वैलावर मुरत ठेवायचा आणि तेवढ्यात पिठलं करून घ्यायचं. प्रमाण आजही तेच : एक वाटी बेसनाला तीन ते साडेतीन वाट्या पाणी. मोकळा झुणका हवा असेल तर वाटीभर पाणी पुरे. पिठलं बिघडतं ते बहुतेक गुठळ्यांमुळे. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ एकदम पडलं, की पिठाच्या गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजून घट्ट होतो आणि आत पाणी शिरत नाही. मग कितीही घोटा, आत कोरडं पीठच राहतं. म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवून फोडणीच्या पाण्यात ओतायचं, नाहीतर एका हाताने चिमटी-चिमटीने पेरत दुसऱ्या हाताने सतत ढवळायचं. दुसरी चूक म्हणजे घाई. दाटपणा दोन मिनिटांत येतो, पण पिठाचा कच्चा वास जायला मंद आचेवर झाकण ठेवून सहा-सात मिनिटं लागतात.

न ढवळता, न बघता शिजणारं जेवण ही कल्पना प्रेशर कुकरच्या आधीची आहे. १९१० च्या सुमारास कोलकात्यात एक कोळशाचा कुकर निघाला. खाली निखारे, वर पाण्याचं भांडं आणि त्यात एकावर एक रचलेले डबे. त्यात दाब नव्हता, नुसती वाफ. पण कोळसे पेटवून, झाकण लावून कामावर गेलं तरी चालायचं. मेसमध्ये न जेवणाऱ्या एकट्या नोकरदारांचं ते यंत्र होतं. डाळ, भात आणि भाजी एकाच उष्णतेवर वेगवेगळ्या डब्यांत, ही मांडणी त्यात आधीच होती.

दाबाखाली शिजवण्याचं तंत्र युरोपात १६७९ पासून माहीत होतं. आपल्याकडे देशी बनावटीचे प्रेशर कुकर १९५९ च्या सुमारास मिळू लागले, आणि ते लगोलग दोन प्रकारचे होते : झाकण बाहेरून फिरवून बसवायचं, किंवा लंबगोल तोंडातून आत घालून वर ओढायचं. दोन्हीत आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो आणि पाणी १०० ऐवजी जवळपास १२० अंशांना उकळतं. भिजवलेली तूरडाळ पाऊण तासाऐवजी दहा मिनिटांत मऊ होते ती या वीस अंशांमुळे. वरण-भात सोपा झाला तो तिथे. सुरुवातीला ‘कुकरच्या भाताला चव नाही’, ‘पेज मिळत नाही’ अशा तक्रारी होत्या. पेजेची तक्रार खरीच होती, पण रॉकेलच्या रांगेपुढे ती टिकली नाही. घरगुती गॅस मुंबईत १९५५ मध्ये आला, तरी नंतर कितीतरी वर्षं कनेक्शनसाठी नंबर लावून थांबावं लागे, आणि मिळालं तरी सिलिंडर एकच. अशा घरात एका आचेवर तीन डबे शिजवणाऱ्या भांड्याची बाजू आपोआप जड झाली.

डब्यांचा कुकर लावायची रीत तेव्हापासून फारशी हललेली नाही. पाच लिटरच्या कुकरमध्ये तळाशी दोन वाट्या पाणी आणि त्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बोटुक. हे नसेल तर जड पाण्यातल्या क्षारांमुळे ॲल्युमिनियम आतून काळं पडतं. थोडी आंबट वस्तू ते थांबवते. खालच्या डब्यात डाळ : एक वाटीला अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब. तेल फेस दाबतं. फेस वर चढून वाफेच्या नळीत गेला तर शिट्टी तुंबते. वरच्या डब्यात तांदूळ. कोलमला दुप्पट पाणी, इंद्रायणीला पावणेदोन पट, जुन्या तांदळाला थोडं चढं. डाळीत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी घालायचे नाहीत. आंबटपणामुळे दाण्याची भिंत लवकर सुटत नाही आणि डाळ बोटचेपी राहते. जुनी डाळ आणि बोअरचं पाणी एकत्र आलं तर अर्धा तास भिजवण्याला पर्याय नाही.

आता शिट्टीचा प्रश्न. मराठी स्वयंपाकात गेल्या सहा दशकांत एवढा चुकीच्या जागी जाऊन बसलेला दुसरा मापदंड सापडणार नाही. १९७० च्या आसपास पाककृतींच्या पुस्तकांनी वाटी-चमच्यांचं माप घरोघर रुजवलं आणि ‘अंदाजे’ला थोडा आळा बसला. वेळेच्या बाबतीत मात्र ‘तीन शिट्ट्या करा’ हेच वाक्य राहिलं. कुकरबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांत शिजण्याचा वेळ मिनिटांत दिलेला असतो : पूर्ण दाब आला की आच कमी करा आणि तिथून मिनिटं मोजा. त्या पुस्तिका ड्रॉवरमध्ये गेल्या आणि शिट्ट्या राहिल्या.

शिट्टी म्हणजे काय घडतं ते पाहिलं की अडचण कळते. झाकणावरचं वजन ठरावीक दाबाला उचललं जातं, जास्तीची वाफ निघते, वजन परत बसतं. म्हणजे शिट्टी एवढंच सांगते की आच गरजेपेक्षा जास्त आहे. गॅस मोठा ठेवला तर मिनिटाला एक शिट्टी होईल, बारीक केला तर दहा मिनिटांत एकही होणार नाही. आतलं तापमान दोन्ही वेळा जवळपास तेवढंच. तीन शिट्ट्या मोठ्या बर्नरवर चार मिनिटांत उरकतात, लहान बर्नरवर बारा लागतात. एकीकडे डाळ टचटचीत राहते, दुसरीकडे भाताचा गिचका होतो, आणि दोघींनी पाककृती तंतोतंत पाळलेली असते. त्यात भरणीचा फरक. तीन लिटरच्या कुकरमध्ये वाटीभर खिचडी लवकर दाबाला येते. पाच लिटरमध्ये तीन डबे ठासून भरले तर पहिल्या शिट्टीलाच दहा-बारा मिनिटं जातात आणि तोवर आतलं अन्न अर्धं शिजलेलं असतं. शिवाय दोन बनावटींची वजनं वेगळी वागतात : एक झोकात वाफ सोडून गप्प बसतं, दुसरं फुसफुसत राहतं आणि त्याची नेमकी शिट्टी कुठली ते घरातल्या माणसालाच ठाऊक.

शिट्टीच्या बाजूनेही बोलता येतं. पंपाच्या स्टोव्हची आच हवी तशी बारीक करणं जिकिरीचं होतं, ‘आता आच कमी करा’ ही सूचनाच त्यावर नीट पाळता येत नसे. स्वयंपाकघरात घड्याळ नसायचं. शिट्टी मात्र अंगणात, न्हाणीघरात, शेजारच्या खोलीतही ऐकू येते. आणि कुकर तोच, बर्नर तोच, माणसं तेवढीच असतील तर ‘आपल्या घरच्या तीन शिट्ट्या’ रोज सारख्याच भरतात. गडबड होते ती शिट्टी एका घरातून दुसऱ्या घरात गेली की. पुण्यातल्या आईने फोनवर सांगितलेल्या चार शिट्ट्या बंगळुरूच्या भाड्याच्या घरातल्या शेगडीवर चार राहत नाहीत.

मिनिटांचा हिशेब याहून अवघड नाही. पहिली पूर्ण शिट्टी झाली की गॅस बारीक, वजन अधूनमधून हलेल इतपत. तिथून डब्यांतली भिजवलेली तूरडाळ आणि भात १० मिनिटं. भात तेवढ्याने जास्त शिजत असेल तर पाणी पाव वाटीने कमी करायचं. थेट कुकरात एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ आणि चार वाट्या गरम पाण्याची मऊ खिचडी ५ मिनिटं. मोकळी हवी तर पाणी तीन वाट्या. रात्रभर भिजलेले छोले किंवा राजमा १५ ते २० मिनिटं. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरेपर्यंतची दहा मिनिटं शिजण्यातच धरलेली आहेत. घाईने वजन उचलून वाफ सोडली तर आतलं पाणी एकदम खळाळून उकळतं, डाळ डब्याबाहेर येते आणि भाताचे दाणे फुटतात.

थेट कुकरातल्या खिचडीचा आणि मसालेभाताचा धोका निराळा. फोडणीचा मसाला तळाला चिकटलेला असताना झाकण लावलं तर तळ करपतो आणि वाफ धरायला वेळ लागतो. पाणी घातल्यावर उलथन्याने तळ खरवडून घ्यायचा, एक उकळी दिसू द्यायची, मगच झाकण. डब्यांच्या कुकरमध्ये तळाचं पाणी विसरलं तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळून वाफ सुटते. तो व्हॉल्व्ह, रबर आणि शिट्टी बदलताना त्याच कंपनीचे सुटे भाग घ्यावेत. दुसऱ्या बनावटीचं वजन ‘बसलं’ तरी दाब भलताच होऊ शकतो. देशात घरगुती कुकरला मानकचिन्ह सक्तीचं झालं ते थेट फेब्रुवारी २०२१ पासून. इतक्या घरांत रोज वापरात असलेल्या दाबपात्रासाठी हा उशीर जरा जास्तच.

मधल्या काळात १९८३ मध्ये दोन मिनिटांचे नूडल्स आले आणि मुलांची संध्याकाळ त्यांनी पटकावली. जेवणाची जागा घेणं त्यांना जमलं नाही. फ्रिजने जास्त फरक पाडला : सकाळीच डाळ जास्त शिजवून ठेवायची आणि रात्री नुसती फोडणी द्यायची.

शिट्टीला खरा धक्का बसला तो इंडक्शन आणि विजेच्या कुकरमुळे. इंडक्शनवर सपाट आणि चुंबक धरणाऱ्या तळाचा कुकर लागतो. साधा ॲल्युमिनियमचा तापतच नाही. कमी आकड्यावर अनेक शेगड्या थांबत-थांबत चालतात, त्यामुळे शिट्ट्या जोडीने होतात आणि मग बराच वेळ शांतता. मोजणाऱ्याचा हिशेब इथेच कोलमडतो. सुरुवातीला १२०० वॉट, पहिल्या शिट्टीनंतर ४०० ते ६०० वॉट आणि घड्याळ, हे चालतं. २०१० च्या दशकात अमेरिकेतल्या मराठी घरांत पोचलेल्या विजेच्या कुकरला तर शिट्टीच नाही. त्याचा दाबही आपल्या कुकरपेक्षा कमी, एक किलोऐवजी साधारण पाऊण, त्यामुळे आत ११५-११७ अंशच होतात. म्हणून घरच्या दहा मिनिटांच्या डाळीला तिथे १२ ते १५ मिनिटं आणि वर वाफ उतरायला दहा. मग घराघरांतल्या शिट्ट्यांचं मिनिटांत रूपांतर करणारे तक्ते फिरू लागले, आणि त्यांतले बहुतेक एका शिट्टीला सरसकट तीन मिनिटं धरतात. मोठ्या बर्नरच्या घरासाठी हा आकडा जास्त आहे, लहान बर्नरच्या घरासाठी कमी.