आधी पाणी नको, खोकं आणा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेसहा वाजले होते. पुण्यात कर्वेनगरमधल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत ‘थप्प’ असा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर सरकत्या काचेवर नखाएवढं हिरवं पीस चिकटलेलं आणि खाली फरशीवर एक पक्षी पडलेला. पोट बदामी, शेपटीखाली लालभडक, पंखावर निळ्या रंगाचा शिडकावा, डोळ्यावरून काळी पट्टी. नवरंग! चोच उघडी होती, डोळे अर्धवट मिटलेले होते.

आवाज ऐकून शेजारच्या काकू वाटीत पाणी आणि चमचा घेऊन आल्या. “अरे, आधी दोन थेंब पाणी घाल त्याच्या चोचीत. घसा सुकला असेल बिचाऱ्याचा.”

“काकू, पाणी नको. बुटांचं रिकामं खोकं आहे का तुमच्याकडे?”

मी असं म्हणालो त्यामागे एक साळुंकी आहे. शाळेत असताना मांजराच्या तोंडातून सोडवलेल्या एका साळुंकीला मी चमच्याने दूध पाजलं होतं. रात्रभर तिला उशाशी ठेवलं, पंखावरून हात फिरवत राहिलो. ती मुकाट्याने बसून होती, म्हणून मला वाटलं तिला बरं वाटतंय. सकाळी ती ताठ झाली होती. मी केलेल्या प्रत्येक गोष्टीत माया होती आणि त्यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती, हे पुष्कळ वर्षांनी पक्ष्यांच्या शरीराची रचना वाचताना कळलं.

पक्ष्याची चोच उघडून आत पाहिलं तर जिभेच्या अगदी मुळाशी एक फट दिसते. ती श्वासनलिकेची वाट. आपल्याकडे घास गिळताना तिच्यावर झाकण पडतं, पक्ष्याकडे तसं झाकण नसतं. शुद्धीवर असलेला पक्षी गिळताना ही फट स्वतः मिटून घेतो. धडकेने गुंगलेल्या पक्ष्याला ते जमेलच असं नाही. मग प्रेमाने ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. दुधाचं तर आणखी वाईट. दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्याच्या आतड्यात नसते. दूध-पोळी, दूध-ब्रेड, ग्लुकोजचं पाणी, यातलं काहीही देऊ नका. काही तास उपाशी राहून सहसा कोणता पक्षी मरत नाही, पण फुप्फुसात गेलेल्या एका चमच्याने मरतो.

दुसरी चूक हाताची. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, नसतं आणि त्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत-आकसत नाहीत. शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारख्या चालतात, आणि तो भाता चालतो छातीचं हाड पुढे-मागे हलल्याने. घाबरलेला पक्षी निसटू नये म्हणून आपण छातीभोवती मूठ आवळतो. चोच मोकळी दिसत असते, पण श्वास बंद झालेला असतो.

आणि तो शांतपणा! हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो. हातात घेतल्यावर रानपक्षी गप्प बसला, तर त्याला आपली माया कळली असं समजू नका. पकडलेल्या पक्ष्याच्या दृष्टीने आपला हात म्हणजे शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्याचा पंजा. सुटायची आशा संपली की बरेच प्राणी थिजून जातात, मेल्यासारखे पडतात. कदाचित पकड सैल होईल, तेवढीच संधी. चिमणीएवढ्या पक्ष्याचं हृदय एरवीच मिनिटाला ४०० पेक्षा जास्त वेळा धडधडतं. भीतीने ते आणखी वाढतं, आणि आधीच जखमी असलेला पक्षी त्या ताणानेच दगावू शकतो. त्याला थोपटणं, त्याच्याशी बोलणं, सोसायटीतल्या मुलांना दाखवणं, मोबाइलवर फोटो काढणं, प्रत्येक वेळी तो तोच मरणाचा प्रसंग पुन्हा भोगत असतो.

म्हणून खोकं. बहुतेक पक्षी अंधारात शांत होतात. खोक्याला आधीच चार-सहा भोकं पाडा, तळाशी जुना सुती पंचा घाला, घसरू नये इतपत. धागे निघणारा टॉवेल नको, नखं अडकतात. पक्ष्यावर हलकं फडकं टाका, म्हणजे त्याला आपण दिसत नाही, आणि फडक्यासकट दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटवून अलगद उचला. घार, घुबड किंवा बगळा असेल तर सावध राहा. घारीचे, घुबडाचे पंजे हातात रुततात आणि बगळा नेमका डोळ्यावर चोच मारतो. अशा वेळी नुसतं वरून मोठं खोकं उपडं घालून जाणकारांची वाट पाहिलेली बरी. हात साबणाने धुवायचे, हे आलंच. खोकं शांत, सावलीच्या खोलीत ठेवा, आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नका.

काचेवर आपटलेल्या पक्ष्याला पुष्कळदा एवढंच पुरतं. तास-दोन तासांत खोक्यात खुडबुड ऐकू येते. तेवढ्या वेळात तरतरी आली नाही, एक पंख लोंबतोय, मान वाकडी आहे, रक्त दिसतंय, तर मात्र घरी थांबू नका. पक्ष्यांची हाडं फार लवकर जुळतात, लहान पक्ष्यांची दोन-तीन आठवड्यांत. हे ऐकायला बरं वाटतं, पण वेडंवाकडं बसलेलं हाडही तितक्याच लवकर पक्कं होतं. माणूस थोडं लंगडून जन्म काढू शकतो. थोडंच उडता येणाऱ्या घारीला रानात जागा नाही. म्हणून पहिल्याच दिवशी उपचार हवेत.

महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, आणि पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. जखमी पक्षी बरा होईपर्यंत घरी ठेवू, हा विचारही करू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी पाळता येत नाही, हौसेने पिंजऱ्यात ठेवलेला मिठूसुद्धा त्यात आला.

मांजराने धरलेल्या पक्ष्याबद्दल वेगळं सांगायला हवं. वरून पाहिलं तर पिसं थोडी विस्कटलेली, बाकी काही नाही. पण मांजराचे दात सुईसारखे असतात, जखम पिसांखाली दडते आणि मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला नावाचे जिवाणू रक्तात शिरतात. पक्षी एक-दोन दिवसांत जातो. त्याला अँटिबायोटिक लागतं, तेही लगेच. माझ्या साळुंकीला ते हवं होतं, दूध नव्हे.

संक्रांतीच्या आसपास मांज्यात अडकलेल्या घारी, पारवे, वटवाघळं दिसतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर लोंबकळतोच. पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये, कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो, उड्डाण त्याच्यावर तोललेलं असतं. मांजा नेमका तिथे रुततो. ओढून काढायला गेलं की तो करवतीसारखा चालतो. पक्षी हाताशी असेल तर जखमेपासून थोडा लांब दोरा कापा आणि रुतलेला भाग डॉक्टरांवर सोडा. झाडावर उंच लटकत असेल तर अग्निशमन दलाला, १०१ वर, कळवा.

कुणी म्हणतात, निसर्गात ढवळाढवळ कशाला? शिकऱ्याने चिमणी उचलली तर मीही हात लावणार नाही, शिकऱ्यालाही पिल्लं आहेत. पण काच, मांजा, मोटारी, बिस्किटांवर पोसलेली मांजरं ही आपण आणलेली संकटं आहेत. तिथे हात आखडता घेण्याला निसर्गाचं नाव देणं मला पटत नाही.

मात्र एका बाबतीत हात आवरायलाच हवा, आणि पुण्यात सर्वात जास्त घोळ तिथेच होतो. एप्रिल ते जुलै या काळात लोक ‘जखमी’ म्हणून जे पक्षी उचलून आणतात, त्यातले कितीतरी जखमी नसतातच. बुलबुल, साळुंकी, दयाळ, कावळा यांची पिल्लं पुरतं उडता यायच्या आधीच घरटं सोडतात. आखूड शेपटी, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी कड, अंगावर पिसं, दोन पायांवर टुणटुण उड्या. असं पिल्लू कुंडीमागे दिसलं की समजा, ते उडायचे धडे गिरवतंय आणि आईबाप जवळच आहेत. सकाळी रस्त्यावरून जाताना कावळा डोक्यावर झेपावतो, त्याचं कारण बहुधा हेच. गाड्यांच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा, मांजराला आत घ्या आणि लांबून पाहा. आईबाप चोचीत किडा घेऊन येतात. पिसं न फुटलेलं उघडं पिल्लू पडलं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो, पण ते खरं नाही. घरट्यासाठी इतके दिवस राबलेली आई एवढ्याने पिल्लू सोडत नाही.

आमचा नवरंग जखमी होता की थकलेला? बहुधा दोन्ही. हा पक्षी पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येतो, आणि तोही रात्री उडत. पहाटे दमून खाली उतरताना त्याला आमच्या काचेत समोरच्या करंजाची फांदी दिसली असणार. पक्ष्याला काच दिसत नाही, तिच्यातलं झाड दिसतं.

साडेआठच्या सुमाराला खोक्यातून नखांचा आवाज आला. मी आणि काकू ते मागच्या बागेत घेऊन गेलो, जास्वंदीच्या झुडपाशी ठेवून झाकण काढलं आणि मागे झालो. मिनिटभर काहीच नाही. मग तो उडी मारून काठावर बसला, आखूड शेपटी दोनदा वर-खाली केली आणि जमिनीलगत उडत झुडपात शिरला. थोड्या वेळाने आतून पाचोळा उलटल्याची खसखस ऐकू आली.

काचेचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. ससाण्याचं एखादं स्टिकर लावून भागत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि आपटतो. खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूला आणि सगळीकडे, दोन खुणांमध्ये साधारण ५ सेंटिमीटर अंतर ठेवून हव्यात. काकूंनी ऐकून घेतलं, घरात गेल्या आणि दिवाळीचा ठिपक्यांच्या रांगोळीचा भोकं पाडलेला कागद घेऊन आल्या. “एक सोडून एक भोक घेऊ या,” म्हणाल्या. मी कागद काचेला धरला, आणि त्या पांढरा रंग बोटाने टिपत गेल्या.