मेतकुटाशेजारची डबी

उन्हाळा आला की पुण्यातल्या कितीतरी घरांत हे दृश्य दिसतं. मुलीचं बाळंतपण न्यू जर्सीला, आईबाबा निघालेत, बॅग वजनकाट्यावर चढतेय-उतरतेय. मेतकूट आत, भाजणी बाहेर, पुन्हा भाजणी आत. अशा एखाद्या बॅगेत मेतकुटाशेजारी तीस गोळ्यांच्या पांढऱ्या डब्याही असतात आणि त्यांच्याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. त्या एचआयव्हीवरच्या, रोज घ्यायच्या गोळ्या. भोसरीत १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, पण सोसायटीच्या लिफ्टमध्ये एचआयव्ही हा शब्द अजून कुजबुजूनच उच्चारला जातो.

पहिली चूक या कुजबुजीतूनच होते. कुणाला दिसू नयेत म्हणून डब्या मोठ्या बॅगेच्या तळाशी जातात. ती बॅग उशिरा पोचली किंवा हरवली, तर तिथल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळी मिळत नाही. म्हणून डब्या आपल्याजवळच्या हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, सोबत औषधांची शास्त्रीय नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी आणि मोजून लागतात त्यापेक्षा थोड्या जास्त गोळ्या. अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांवरची प्रवेशबंदी १९८७ मध्ये घातली होती, ती जानेवारी २०१० मध्ये उठली. तिथे आता लपवण्यासारखं काही नाही.

मग घड्याळाचा घोळ. सरकारी एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रातून, बहुतेकांना मिळते ती ‘टीएलडी’: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत, दिवसातून एकदा. पुण्यात रात्री नऊला घ्यायची सवय असेल, तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या घड्याळात तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. ‘तिकडच्या रात्री नऊला घेऊ’ म्हणून थांबलं की दोन गोळ्यांमधलं अंतर साडेतेहतीस तास होतं. औषध रक्तात ओसरत जातं आणि असं वारंवार होत राहिलं, तर विषाणूला औषधाला चुकवायला शिकण्याची संधी मिळते. त्यापेक्षा पुण्याच्या वेळेची गोळी विमानात घ्यावी आणि तिकडच्या रात्री पुढची, चोवीस तास व्हायच्या आधीच. एकदा अंतर कमी झालेलं चालतं, वाढलेलं टाळायचं. हा हिशेब निघण्याआधी सेंटरवरच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावा. परतीच्या वाटेवर दिवस आखडतो, तेव्हा काम सोपं असतं.

याहून सहज फसवणारी गोष्ट म्हणजे पित्त. विमानातलं अवेळी जेवण, जळजळ, मग पर्समधलं ते गुलाबी पातळ औषध. त्यातलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम डोल्युटेग्राविरला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, फक्त त्या आणि टीएलडी जेवणासोबत एकत्र घेतल्या तर चालतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण डोल्युटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

न्यू जर्सी सोपं. केनियाची सफारी ठरली की डॉक्टर आधी सीडी४ विचारतात. सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या फौजेतल्या सूत्रधार पेशी, निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० हून जास्त. केनियाहून भारतात परतताना डासांतून पसरणाऱ्या पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचा दाखला लागतो आणि ही लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. मॅक्स थायलर यांनी ती कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवून तयार केली, त्यासाठी १९५१ चं नोबेलही मिळालं. सीडी४ २०० च्या खाली असेल तर हा दुबळा विषाणूही शिरजोर होऊ शकतो, म्हणून लस देत नाहीत. २०० ते ४९९ मध्ये असेल तर तोलूनमापून ठरवतात. लस नको म्हणणारं पत्र डॉक्टर देऊ शकतात, पण डास पत्र वाचत नाही. अशा वेळी सफारी वर्षभर पुढे ढकलून आधी सीडी४ वाढू द्यावा, हे माझं स्पष्ट मत. टायफॉइडचं इंजेक्शन, हिपॅटायटिस ए आणि फ्लूच्या मृत लशींना अशी अडचण नाही.

कमी सीडी४ असताना आणखी एक सावध जागा म्हणजे हॉटेलचा निळाशार तलाव. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो. निरोगी माणसाला आठवडा-दोन आठवडे जुलाब होतात, सीडी४ कमी असलेल्याला ते महिनोन्‌महिने चालू शकतात. प्यायच्या पाण्यातला हाच परजीवी मात्र एक मिनिट खळखळून उकळल्यावर मरतो.

आखाताची गोष्ट वेगळी. तिथल्या अनेक देशांत नोकरीच्या व्हिसासाठी एचआयव्ही चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली की नकार. मग दोन-चार दिवसांच्या कामासाठी जाणारा माणूसही धास्तावतो आणि डबी घरीच ठेवून जातो. खरं तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडण्याइतकाही नसलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. कायद्याने वैद्यकशास्त्राकडे पाठ फिरवली की गोळ्या चुकतात आणि नुकसान त्या माणसाचं होतं.

आता एक बुरशी. सध्या पुण्यातून व्हिएतनाम-थायलंडच्या सहली धडाक्यात निघतात. तिथे आणि आपल्या मणिपूरमध्येही टॅलॅरोमायसिस मार्नेफाय सापडते. १९५६ मध्ये ती व्हिएतनाममधल्या ‘बांबू रॅट’ जातीच्या उंदरात पहिल्यांदा दिसली. सीडी४ १०० च्याही खाली गेलेल्यांना ती गाठते: ताप, घटणारं वजन, चेहऱ्यावर मध्ये खड्डा पडलेल्या पुटकुळ्या. हे सगळं परतल्यावर कित्येक आठवड्यांनीही सुरू होऊ शकतं, आणि पावसाळ्यातल्या पुण्यात तापाला सगळे आधी डेंग्यू म्हणतात. तेव्हा रक्त तपासायला देताना डॉक्टरांना सांगायचं, ‘मार्चमध्ये हनोईला गेलो होतो.’