मोटारगाड्या व ट्रक यांचे प्रतिकृतिसंच

खऱ्या मोटारगाडीची किंवा ट्रकची ठराविक प्रमाणात लहान केलेली, सुट्या भागांच्या रूपात विकली जाणारी आणि घेणाऱ्याने स्वतः जुळवून रंगवायची प्रतिकृती. छंदिष्टांमध्ये तिला सर्रास ‘किट’ म्हणतात व प्रस्तुत नोंदीतही तोच शब्द वापरला आहे. कारखान्यातूनच तयार होऊन येणाऱ्या धातूच्या लहान गाड्या (डाय-कास्ट) हा वेगळा प्रकार होय. जपान, इटली, जर्मनी व ब्रिटन या देशांत किटचे मोठे उत्पादन झाले असले, तरी या छंदाला आजचे रूप अमेरिकेत, मुख्यतः मिशिगन राज्यातील डेट्रॉइटच्या परिसरात मिळाले. त्यामुळे नोंदीचा भर तिकडेच आहे.

उगम : मोटारगाडीचे पहिले किट कोणते, याविषयी एकमत नाही. मतभेदाचे मूळ बरेचसे ‘किट’ कशाला म्हणायचे यातच आहे. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच एवढाच निकष लावला, तर ब्रिटनमध्ये १९३६ साली निघालेले ‘फ्रॉग पेंग्विन’ संच आधीचे ठरतात. पण ते १/७२ प्रमाणातील विमानांचे होते आणि सेल्युलोज ॲसिटेटचे होते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आश्रयाने १९३० ते १९६८ या काळात ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही मुलांसाठीची स्पर्धा चालली. तीत आरंभी नेपोलियनकालीन राजरथाची व पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारगाडीची प्रतिकृती करावी लागे. जनरल मोटर्सच्या अभिकल्प विभागाचे पुढे प्रमुख झालेले चक जॉर्डन हे याच स्पर्धेतून वर आले. प्रतिकृती बनविण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यात या स्पर्धेचा वाटा मोठा होता, मात्र तिच्यात विकत घेऊन जुळवायचा गाडीचा तयार संच नव्हता.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथील हडसन मिनिएचर्स या कंपनीने जुन्या काळातील गाड्यांचे १/१६ प्रमाणातील, मुख्यतः लाकडी संच विकायला काढले. त्यानंतर, बहुधा १९५१–५२ मध्ये, कॅलिफोर्नियातील रेव्हेल कंपनीने ‘हायवे पायोनिअर्स’ ही १/३२ प्रमाणातील प्लॅस्टिक संचांची मालिका बाजारात आणली. तिचे अभिकल्प गोलंड अँड गोलंड या कंपनीचे होते. गाडीचे पहिले प्लॅस्टिक किट म्हणून बहुतेक संदर्भग्रंथ याच मालिकेकडे बोट दाखवितात आणि निव्वळ कालक्रम पाहता ते योग्यच आहे.

तथापि छंदाची पुढील वाटचाल या मालिकेतून निघाली नाही. ती विक्रेत्यांच्या जाहिरात-प्रतिकृतींतून निघाली. वकिली करणारे वेस्ट गॅलॉग्ली यांनी १९४८ मध्ये एएमटी (ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज) ही कंपनी स्थापन केली. तिची पहिली गाडी ॲल्युमिनियमची ओतीव फोर्ड सेदान होती. लवकरच ॲल्युमिनियम मागे पडून प्लॅस्टिक आले. नावातील आद्याक्षरे मात्र तशीच राहिली. या प्रतिकृती फोर्ड व इतर कंपन्यांच्या विक्रेत्यांकडे जात. त्या वर्षीच्या खऱ्या गाडीला जे रंग, नेमके तेच प्रतिकृतीला असत; ग्राहकाला रंग दाखविणे आणि त्याच्या मुलाच्या हाती खेळणे देणे, असे दोन्ही हेतू त्यामुळे साधत. जॉन हेन्ले यांची जो-हान ही डेट्रॉइटमधील कंपनीही याच व्यवसायात होती. ब्रिटनमध्ये एअरफिक्सने १९४९ च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्यांसाठी केली आणि नंतर तीच सुट्या भागांत विकली. म्हणजे अटलांटिकच्या दोन्ही काठांवर जाहिरातीची प्रतिकृती आधी आणि किट मागाहून, असाच क्रम दिसतो.

एएमटीने १९५८ मध्ये आपल्या जाहिरात-प्रतिकृतींच्याच साच्यांतून निघालेली गाडी न जुळवता खोक्यात घालून विकली. सोबत जादा भाग दिले. त्यामुळे एकाच संचातून कारखान्यातील मूळ गाडी, हौसेने बदललेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, यांपैकी हवी ती करता येई. ‘थ्री इन वन’ ही योजना इतकी यशस्वी झाली की स्पर्धकांनाही ती उचलावी लागली. गाडीची संपूर्ण काया (बॉडी) एकसंध होती, हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. रेव्हेलच्या त्या काळातील अनेक संचांत काया पाच-सहा तुकड्यांतून उभी करावी लागे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातून सांधे सरळ येत नसत आणि दारे नीट बसत नसत. एकसंध कायेने ही अडचण मुळातच संपविली. पहिलेपणाचा मान कोणालाही दिला, तरी आजच्या किटचा थेट पूर्वज १९५८ चा हा संच मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रमाण : अमेरिकी किट १/२५ या प्रमाणात का, हा प्रश्न छंदिष्टांमध्ये अजूनही चर्चिला जातो. १/२४ चा उलगडा सोपा आहे : फुटाला अर्धा इंच. मोनोग्राम कंपनीने तेच स्वीकारले. १/३२ म्हणजे फुटाला तीन-अष्टमांश इंच. १/४३ हे प्रमाण ‘ओ’ गेजच्या लघुरेल्वेतून आले. तेथे फुटाला ७ मिमी. धरतात. १/२५ मात्र फूट-इंचाच्या कोणत्याही सोयीच्या अपूर्णांकात बसत नाही. एका मतानुसार ते निव्वळ योगायोगाने, म्हणजे खोक्याचा आकार व प्लॅस्टिकचा खर्च पाहून ठरले. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ मोटार कंपन्यांच्या कचेऱ्यांत आहे. तेथील आरेखने दशमान इंचांत आणि बहुधा एक-दशांश प्रमाणात असत. प्रतिकृती करणारे कारागीरही मूळ नमुना १/१० प्रमाणात लाकडात कोरत आणि पँटोग्राफ यंत्राने तो लहान करीत पोलादात उतरवीत. १/१० वरून १/२५ वर येण्यास नेमके अडीच पट लहान करावे लागते, आणि यंत्रावर हे गुणोत्तर लावणे सोपे. नमुने १/१० मध्ये कोरण्याचा प्रघात चांगला ज्ञात असल्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते.

दोन्ही प्रमाणांतील फरक कागदावर चार टक्के आहे. ५ मी. लांबीची गाडी १/२५ मध्ये २०० मिमी. होते, तर १/२४ मध्ये २०८ मिमी. शेजारी ठेवल्या तरी गाड्या खटकत नाहीत. पण एका संचाचे इंजिन दुसऱ्याच्या बॉनेटखाली बसवू लागताच हाच फरक आडवा येतो. ट्रकमध्ये तर ही अडचण नेहमीची आहे, कारण अमेरिकी ट्रक प्रायः १/२५ मध्ये, तर इटालेरीसारख्या युरोपीय कंपन्यांचे १/२४ मध्ये निघाले.

साचा : किटचा इतिहास हा वास्तविक त्याच्या पोलादी साच्याचा इतिहास आहे. पॉलिस्टायरीनचे दाणे वितळवून ते मोठ्या दाबाने साच्यात ढकलतात. थंड झालेले भाग काडीसारख्या चौकटीला (स्प्रू) चिकटलेले बाहेर येतात. साधे भाग दोन पाट्यांच्या साच्यात होतात. एकसंध कायेला मात्र छत, दोन बाजू, पुढचा व मागचा भाग यांसाठी सरकणारे स्वतंत्र ठोकळे लागतात. ते चहूबाजूंनी दूर झाल्याशिवाय काया सुटत नाही. हे ठोकळे जेथे मिळतात, तेथे मडगार्डवर व छताच्या कोपऱ्यांवर केसाएवढी उंचवट्याची रेघ राहते. नवशिक्याने तिच्यावरच रंग मारला, तर गाडी कितीही चकचकीत झाली तरी खेळण्यासारखीच दिसते.

साचा करणे अतिशय खर्चाचे असल्यामुळे तो दरवर्षी नवा करीत नसत. खऱ्या गाडीची जाळी किंवा मागचे दिवे बदलले, की त्याच साच्याचे पोलाद तेवढ्यापुरते कोरून नव्या वर्षाची गाडी काढीत. अशा वार्षिक संचांची आवृत्ती त्यामुळे एका हंगामापुरतीच असे. पुढील वर्षीचा साचा तयार झाला, की मागील वर्षीची गाडी पुन्हा काढता येत नसे. काही साचे पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी इतके बदलले गेले की मूळ गाडी कायमची गेली. १९६० च्या दशकातील वार्षिक संचांच्या आजच्या भारी किमतींचे कारण हेच आहे. याउलट एएमटीने १९५९ च्या सुमारास काढलेल्या १९३२ च्या फोर्ड रोडस्टरसारख्या जुन्या गाड्यांचे साचे वर्षागणिक बदलण्याची गरज नव्हती.

साच्यांना कंपनीपेक्षा जास्त आयुष्य लाभले. एएमटी १९७८ मध्ये मॅचबॉक्स गाड्या बनविणाऱ्या लेस्नी या ब्रिटिश कंपनीकडे व १९८३ मध्ये अर्टल या अमेरिकी खेळणी-कंपनीकडे गेली. एएमटी सोडून आलेले जॉर्ज टोटेफ यांनी स्थापिलेल्या एमपीसीचे साचेही पुढे अर्टलकडेच आले. आता या दोन्ही नावांनी राउंड २ ही कंपनी किट काढते. रेव्हेल व मोनोग्राम १९८६ मध्ये एका मालकीखाली आल्या. त्यांची नंतरची मालक हॉबिको ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा रेव्हेल एका जर्मन गुंतवणूक कंपनीने घेतली. परिणामी एकच साचा तीन-चार नावांच्या खोक्यांतून फिरलेला आढळतो. खोक्यावरील साल हे छपाईचे साल असते, साच्याचे नव्हे. जुना संच घेताना हे आधी पाहावे.

ट्रक : मोठ्या मालट्रकांचे किट उशिरा आले. एएमटीचा पीटरबिल्ट ३५९ हा बहुधा १९६९–७० मधील. त्यापाठोपाठ केनवर्थचे व फ्रूहॉफ ट्रेलरचे संच निघाले. अर्टलने इंटरनॅशनलचे ट्रक काढले. १९७० च्या दशकात अमेरिकेत ट्रकचालकांच्या जीवनाविषयी निर्माण झालेल्या आकर्षणाचा त्यांना फायदा झाला. गाडीच्या किटमध्ये काया हेच मुख्य काम. ट्रकमध्ये ते चासीचे. दोन लांब कड्या (तुळया), त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, पाट्यांच्या स्प्रिंगा, दोन मागचे आस आणि दहा चाके. कड्यांत किंचित पीळ राहिला, तर दहांपैकी एक चाक जमिनीला टेकत नाही आणि हे कळते ते सगळे सुकल्यावर. म्हणून अनुभवी माणसे चासी काचेच्या तुकड्यावर ठेवून, गोंद पुरता धरेपर्यंत वर वजन देऊन ठेवतात. ४० फुटी ट्रेलर १/२५ मध्ये सु. ४९ सेंमी. होतो. ट्रकचे संग्राहक कमी असण्यामागे जागेचा हा प्रश्नही असावा.

जपानमध्ये या उद्योगाचे केंद्र शिझुओका हे आहे. टामिया, हासेगावा, आओशिमा व फुजिमी या चारही कंपन्या तेथील. टामियाचा आरंभ १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायातून झाला. १९६७ च्या सुमाराचे होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचे १/१२ किट हे तिचे या क्षेत्रातील पहिले मोठे काम. भाग एकमेकांत अचूक बसण्याबाबत टामियाने घालून दिलेला दंडक नंतर सर्वांनाच पाळावा लागला. आओशिमाने ‘देकोतोरा’ म्हणजे दिवे, चकचकीत पत्रे व चित्रे यांनी मढविलेल्या जपानी ट्रकांची १/३२ मालिका काढली. आपल्याकडील रंगविलेल्या ट्रकांशी तिचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु दोन्ही परंपरा स्वतंत्र आहेत.

जुळणी : पॉलिस्टायरीनचा गोंद खऱ्या अर्थाने चिकटवीत नाही, तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. म्हणून तो कमी लागतो आणि सांडला तर डाग निघत नाही. रंगाचेही तसेच : मोटारीचा लॅकर थेट प्लॅस्टिकवर मारल्यास बारीक भेगांचे जाळे उठते, यासाठी आधी प्रायमर देतात. बंपर, जाळी यांवरील चकाकी निर्वात पेटीत बसविलेल्या ॲल्युमिनियमच्या थराची असते. घरगुती ब्लीचमध्ये बुडविल्यास ती निघून जाते व भाग नव्याने रंगविता येतो. खालचा लॅकरचा थर मात्र वेगळा काढावा लागतो. कायेवरील क्रोमच्या पट्ट्यांसाठी धातूचा अतिपातळ चिकट कागद वापरतात. पितळेचे कोरीव भाग, रेझिनच्या ओतीव काया आणि अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने काढलेले भाग यांमुळे कंपन्यांनी कधीच न काढलेल्या गाड्याही करता येऊ लागल्या आहेत.

संग्रह : जुळविणारे व साठविणारे असे दोन वर्ग मानतात; प्रत्यक्षात बहुतेक जण थोडे थोडे दोन्ही असतात. न उघडलेला संच सर्वांत महाग. लहानपणी कोणीतरी भरपूर गोंद ओतून जुळविलेल्या जुन्या गाड्याही लोक आवर्जून घेतात, कारण दुर्मिळ वार्षिक संचाची काया मिळविण्याचा तोच परवडणारा मार्ग असतो. अशी गाडी सुटी करून, जुना रंग उतरवून पुन्हा उभी करणे ही या छंदातील सर्वांत समाधान देणारी कामगिरी म्हणावी लागेल.

खोके न उघडणेही नेहमीच सुरक्षित नसते. मऊ व्हिनिल टायरांतील मृदुकारक द्रव्य हळूहळू बाहेर पडून लगतच्या पॉलिस्टायरीनमध्ये शिरते व त्याला वितळवते. कित्येक जुन्या संचांत टायरच्या स्पर्शाने छताला वा चाकाला खड्डा पडलेला आढळतो. टायर वेगळ्या पिशवीत ठेवणे एवढाच उपाय आहे, आणि त्यासाठी मूळ वेष्टन फोडावे लागते. १९५० च्या दशकातील ॲसिटेटच्या जाहिरात-प्रतिकृती तर आपोआप आकसतात व पिळवटतात. सरळ काया असलेली प्रत म्हणूनच विशेष मोलाची.

हौशी मंडळींच्या संस्थांपैकी ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये स्थापन झालेली आयपीएमएस (इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटी) ही सर्व प्रकारच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींची संस्था असून तिच्या शाखा अनेक देशांत आहेत. केवळ मोटारगाड्यांसाठीचा एनएनएल मेळावा अमेरिकेतील ओहायो राज्यात १९८० पासून भरू लागला.

भारतात लहान गाड्यांचे उत्पादन झाले ते प्रामुख्याने डाय-कास्ट प्रकारचे. कलकत्त्यात डिंकी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या साच्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाच्या गाड्या निघत. प्लॅस्टिक किट येथे मुख्यतः आयातच होत आले आहेत.