आपल्याकडे ट्रेक म्हणजे किल्लाच का?

"पहिल्यांदाच ट्रेकला जायचंय, कुठे जाऊ?" असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. लोहगड कर, तिकोना कर, कोथळीगड बघ, पुण्याचा असशील तर आधी आतकरवाडीकडून सिंहगड चढून दाखव. जंगलात जा असं कुणी म्हणत नाही, अमुक डोंगर चढ असंही नाही. कळसूबाईचा एक अपवाद (१६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच, त्यामुळे तो मान तिला द्यावाच लागतो), आणि तिथेही माथ्यावर देवीचं देऊळ आहेच. उत्तराखंडातल्या माणसाला हे सांगितलं तर त्याला गंमत वाटते, कारण त्याच्याकडे ट्रेक म्हणजे चार-सहा दिवस, तंबू, खेचरं. आपल्याकडे शनिवारी रात्री निघायचं, रविवारी संध्याकाळी परत, सोमवारी ऑफिसच्या जिन्यात कठडा धरून उतरायचं.

ट्रेक हा शब्दही मूळचा भलताच आहे. दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे शेतकरी बैलगाड्यांत संसार भरून नवी जमीन शोधत निघायचे, त्या प्रवासाला ते ट्रेक म्हणायचे. म्हणजे बैल हाकणं ते रविवारचा लोहगड, शब्दानेच केवढी चाल केली बघा.

आता किल्लाच का, तर सुरुवात दगडापासून करावी लागते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, अगदी भाकऱ्यांची चवड रचावी तसे आडवे. टणक थर उभा कडा होऊन राहिला, मऊ थर झिजून उतार झाला आणि त्यावर कारवीची झुडपं माजली. म्हणून सह्याद्रीतली चढाई नेहमी टप्प्याटप्प्यानेच येते, आधी दम काढणारी सोंड (डोंगराची खाली उतरत आलेली धार), मग सपाटी, मग पुन्हा कडा. नवीन माणूस हमखास पहिल्या सपाटीला फसतो. आलो की वर, म्हणून बॅग टाकतो, फोटो काढतो, आणि मग धुकं हललं की खरा माथा डोक्यावर अजून तेवढाच शिल्लक दिसतो. माझ्या पहिल्या ट्रेकला मी याच सपाटीवर सगळं पाणी पिऊन संपवलं होतं, अंगात जीन्स, महिना जुलै, पुढचं बोलायलाच नको. तर अशी सपाटी आणि त्यावर कडा ही ठेवण किल्ला बांधणाऱ्याला फुकटात मिळालेली तटबंदी होती. खालची सपाटी ती माची, वरचा कातळ तो बालेकिल्ला, फटी असतील तिथे फक्त भिंत घालायची.

पण किल्ल्यांच्याही आधी वाटा होत्या. कोकणातून मीठ वर येणार, देशावरून धान्य खाली जाणार, बंदरात उतरलेला माल जुन्नरच्या बाजारात पोचणार, यासाठी घाटवाटा पडल्या. सगळ्यात प्रसिद्ध नाणेघाट, सातवाहनांच्या काळातला, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. पावसाळ्यात लोक तिथे उलटा धबधबा (वाऱ्याने पाणी वर उडतं तो) बघायला तोबा गर्दी करतात, पण माझ्या मते खरी मजा कोकणातून चढून जाण्यात आहे. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंनी कातळ जवळ येतो, वाट अरुंद होते, पायाखाली झिजून गुळगुळीत झालेले दगड, आणि मग एका बाजूला लेणं. आत भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख, त्यात यज्ञांची आणि दानांची जंत्री, आणि त्या दानांचे आकडे! आपल्या अंकांची फार जुनी रूपं त्या भिंतीवर आहेत. वर पोचलं की दगडी रांजण दिसतो, जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो तो. दोन हजार वर्षांपूर्वी इथे व्यापाऱ्याचा बैल थांबत असणार आणि तोही आपल्यासारखाच धापा टाकत असणार, हे मला दर वेळी आठवतं.

म्हणजे या वाटा कुणी मजेसाठी पाडलेल्या नाहीत. बाजाराला, यात्रेला, लढाईला, गुरांमागे, अशा कामाच्या वाटा आहेत सगळ्या. कर्जतकडून खांडसमार्गे भीमाशंकरला जाणारा शिडी घाट घ्या, लोक दर्शनाला जात होते म्हणून ती वाट टिकली. गंमत म्हणजे फिरण्यासाठी म्हणून आखलेल्या वाटाही आपल्याकडे आहेत, माथेरानला. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेला, हवा आवडली, मग साहेबांनी बंगले बांधले, पॉईंटांना नावं दिली, झाडीतून रस्ते काढले. चालायला सुंदर, सावली भरपूर. पण माथेरानच्या पॉईंटांना जाऊन आलेला कुणी ट्रेक करून आलो म्हणत नाही, आपल्या हिशेबात ते फिरायला जाणंच.

कामाच्या वाटेचा एक फायदा असा की तिला पाण्याचा आणि मुक्कामाचा हिशेब असतो. किल्ल्यावर तर असतोच असतो. बेसॉल्टमध्ये विहीर लागणं कठीण, म्हणून कातळातच टाकी खोदली, निघालेला दगड तटाला वापरला, एका कामात दोन कामं. राजगडावर पद्मावती माचीवरच्या देवळात ट्रेकर्सच्या कित्येक पिढ्या झोपल्या, हरिश्चंद्रगडावर गणेश गुहेत तसंच. म्हणून तंबू, स्टोव्ह, खेचर असलं काही नसताना वीस-बावीस वर्षांची पोरं खांद्याला शबनम पिशवी लावून दोन-दोन दिवस डोंगरात राहू शकली. पिण्याच्या टाक्यात पाय घालायचे नाहीत हा नियम सीनियर पहिल्याच दिवशी दरडावून सांगतो, तो नुसता स्वच्छतेचा भाग नाहीये, टाकं हेच त्या गडाचं आयुष्य होतं.

मग १८१८. पेशवाई बुडाली, मे महिन्यात रायगड तोफांच्या माऱ्यानंतर पडला, वरचे वाडे जळाले. इंग्रजांना ठाऊक होतं की मराठे पुन्हा उठले तर याच डोंगरांतून उठणार, म्हणून ठिकठिकाणी किल्ल्यांच्या वाटा मोडल्या, सुरुंग लावून कातळातल्या पायऱ्या उडवल्या. आज अलंग आणि मदन दोर लावल्याशिवाय होत नाहीत ते यामुळे, पायऱ्या येतात येतात आणि मधेच तुटतात, पुढे नुसता उघडा कातळ. शेजारचा कुलंग मात्र फक्त घाम काढतो, दोर लागत नाही. हरिहरच्या त्या शिडीसारख्या उभ्या पायऱ्या शाबूत राहिल्या आणि आज त्यांच्यावर रविवारी रांग लागते. तेव्हा सोपा, मध्यम, अवघड हे जे ग्रेडिंग आपण ग्रुपवर टाकतो ना, त्यातलं निम्मं निसर्गाने ठरवलंय आणि निम्मं दोनशे वर्षांपूर्वीच्या दारूने (सुरुंगाच्या).

त्यानंतर बराच काळ वर कुणी फारसं गेलंच नाही, गुराखी आणि देवीचे भक्त सोडले तर. १८८३ मध्ये जेम्स डग्लस नावाच्या ब्रिटिश लेखकाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था लिहिली आणि इकडे लोकांना ते लागलं. त्याच्याही आधी जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा रचला होता, १८६९ साली. पुढे १८९५ मध्ये टिळकांनी समाधीसाठी निधी उभा करायला घेतला आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. माझ्या मते आपल्या ट्रेकिंगचं मूळ इथे आहे. हौस म्हणून डोंगर चढणं नंतर आलं, आधी आलं ते गडावर माथा टेकायला जाणं. म्हणून आजही आपल्याकडे किल्ला 'करतात' तशी गडाची 'वारी'ही करतात, पायथ्याला घोषणा होते, बालेकिल्ल्यात चपला बाहेर काढणारे लोक असतात. दर आषाढात पन्हाळा ते विशाळगड चालणारे तर तारीखवार चालतात, जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले त्या रात्रीच्या आठवणीने, मसाई पठारावरून, चिखल तुडवत, जळवा काढत.

हौसेचा भाग आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५३ च्या मे महिन्यात तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले, पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली आणि मुंबईत त्याच १९५४ मध्ये गिरीविहार सुरू झाली. दोर कसा बांधायचा, बिले कसा द्यायचा (म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून कसा सांभाळायचा), कातळाला तीन टेकू ठेवून चौथा कसा हलवायचा, हे शास्त्र अशा संस्थांमधून आलं. पुण्यात १९८२ ला गिरीप्रेमी, ज्यांची आठ मुलं २०१२ मध्ये एव्हरेस्टवर गेली. दुसरीकडे गोनीदांसारखी (लेखक गो. नी. दांडेकर) माणसं गडांवर महिनोन्महिने राहून लिहीत होती, आणि ते वाचून घराघरातली पोरं सॅक उचलत होती. सॅक तरी कसली, कॉलेजची बॅग, पायात जुन्या बाजारातले हंटर शूज, भिजले की दोन किलोचे.

आणि हे सगळं शक्य कशामुळे झालं तर एसटी आणि लोकलमुळे, हे कुणी फार लिहीत नाही. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली, मग हळूहळू ती घाटमाथ्याच्या पार टोकाच्या गावांपर्यंत गेली. संध्याकाळी शेवटची गाडी अशा गावात मुक्कामाला जायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे, सकाळी तीच गाडी दुधाचे कॅन घेऊन परत. मुंबईकरांचं तसंच शेवटच्या कसारा लोकलचं आणि कर्जत लोकलचं. रात्री साडेबाराच्या आसपास दादर, ठाणे, कल्याणला जी सॅकवाली मंडळी डब्यात घुसतात आणि जागा मिळेल तिथे जमिनीवर आडवी होतात, ती आपली. पहाटे तीनला प्लॅटफॉर्मवर चहा, मग जीप, उजाडता उजाडता पायथा. लवकर निघा, उन्हाआधी चढा, असं नवख्यांना सांगतात त्यामागे ऊन तर आहेच, पण मोठं कारण हे की उतरून शेवटची एसटी गाठायची असायची. चुकली तर गावातल्या शाळेच्या ओट्यावर झोप.

त्यामुळे पायथ्याचं गाव हा ट्रेकचाच भाग झाला. शिधा घेऊन यायचं, कुणाच्या तरी चुलीवर पिठलं-भात व्हायचा, आणि वाट विचारायची ती गावातल्या कुणा मामांना. मामांचं उत्तर महाराष्ट्रभर एकच, "हे काय, दहा मिनटं." ते खोटं बोलत नाहीत हं. त्यांना दहाच मिनिटं लागतात, तुम्हाला तासभर लागतो एवढंच. मळलेली वाट कुठली, ढोरवाट कुठली, कुठली वाट पुढे जाऊन कड्यावर संपते हे त्यांना पायानेच माहीत असतं, मॅपला नसतं. ढोरवाटेने चुकण्याचं कारणही साधंच आहे, ढोराला माथ्यावर जायचंच नसतं, त्याला गवत पाहिजे असतं, त्यामुळे ती वाट मस्त रुंद असते आणि अर्ध्या डोंगरात विरून जाते.

मग इंटरनेट आलं, किल्ल्यांची माहिती देणाऱ्या मराठी वेबसाईट आल्या, मग रील आल्या, आणि गर्दीचं जे झालं ते आपण बघतोच. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले अकरा आपले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड, लोहगड, साल्हेर, ज्यांच्यावर आपण पहिल्यांदा धापा टाकल्या ते आता जागतिक वारसा.

नवीन कुणी विचारलं तर मी अजून कोथळीगडच सांगतो. आंबिवलीतून चढून पेठ गावात जायचं, तिथे सपाटी लागते (बॅग टाकू नका!), मग वरच्या सुळक्याच्या पायथ्याला गुहा, कोरीव खांब, आणि शेजारूनच सुळक्याच्या पोटातून कोरत नेलेला जिना. आत अंधार, गारवा, पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, आणि एकदम वर उजेडात डोकं निघतं. उतरून पेठमध्ये जेवण सांगितलेलं असतं, पूर्वी शिधा द्यायचो, आता ताटाचे पैसे देतो. गाडीही स्वतःची असते, खाली उभी, हवं तेव्हा निघता येतं. तरी चार वाजले की आमच्यातला जो सगळ्यात जुना आहे तो हात धुता धुता घड्याळ बघायला लागतो.