वर्षश्राद्ध आणि म्हाळ

गणपतीचे विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परतले, की पंधरवड्याच्या आत त्यांच्यातल्या कित्येकांचा गावच्या घरी फोन येतो आणि त्यात हमखास एक प्रश्न असतो: पितृपंधरवड्यातला म्हाळ घातला तर मग वर्षाचे श्राद्ध वेगळे करायला हवे का? कधी हाच प्रश्न उलट बाजूने येतो. वडिलांची तिथ, म्हणजे वर्षाचे श्राद्ध, वैशाखात केली, भटजींना बोलावले, पिंड झाले, कावळ्याने पान शिवले. मग भाद्रपदात पुन्हा तेच कशासाठी? सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही दिवस सारखेच दिसतात. तीच खीर, तेच वडे, तीच काळ्या वाटाण्याची उसळ, तेच दर्भ आणि काळे तीळ, जानवे उजव्या खांद्यावर घेऊन बसलेला तोच कर्ता. तरीही ही दोन वेगळी कर्मे आहेत, आणि एक केल्याने दुसरे केल्यासारखे होत नाही.

आधी शब्दांपासून सुरुवात करू. वर्षश्राद्ध हा शब्द काटेकोर बोलणारे लोक पहिले वर्ष पुरे होताना केल्या जाणाऱ्या श्राद्धापुरता वापरतात, आणि पुढे दर वर्षी येणाऱ्या श्राद्धाला सांवत्सरिक किंवा प्रतिसांवत्सरिक म्हणतात. घरगुती बोलण्यात मात्र हे सगळे ‘वर्षाचे’ किंवा नुसती ‘तिथ’ या नावाखाली जाते, आणि येथेही त्याच सैल अर्थाने तो शब्द घेतला आहे. म्हाळ हे ‘महालय’ या संस्कृत शब्दाचे कोकणात झिजून झालेले रूप. घाटावरचे लोक ‘पक्ष’ म्हणतात, ते हेच. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतच्या पितृपंधरवड्यात केले जाणारे श्राद्ध, एवढाच त्याचा नेमका अर्थ आहे. मूळ विधानाप्रमाणे ते पंधरवडाभर रोज करायचे असते. एकाच दिवशी उरकायचे, तर त्याला सकृन्महालय असे वेगळे नाव आहे. आज आपण ज्याला म्हाळ म्हणतो, तो जवळपास सगळीकडे हा एक दिवसाचा संक्षेपच आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते.

खरा फरक श्राद्ध कोणाला पोहोचते यात आहे. वडिलांची तिथ ही वडिलांची असते. त्या दिवशी पिंड त्यांच्याबरोबर आजोबा आणि पणजोबा यांनाही दिले जातात, अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांत. पण ते दोघे त्या दिवशी येतात ते वडिलांच्या मागोमाग, त्यांच्या निमित्ताने. त्या रांगेत आईकडचे कोणी नसते, काका नसतो, सासरा नसतो. म्हाळात मात्र अंगण पुरणार नाही इतकी माणसे येतात. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, सावत्र आई, मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या बायका, पुढे बायको, मुलगा, मुलगी, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, आणि त्यांच्याही पलीकडे गुरू, शिष्य आणि मित्र. यांपैकी जे वारले आहेत, त्यांची नावे आणि गोत्रे घेत कर्ता पुढे सरकतो. रक्ताचे नाते नसलेल्या मित्राला नाव घेऊन पिंड मिळावा, अशी जागा आपल्या गृहस्थाच्या वार्षिक कर्मांत दुसरीकडे क्वचितच सापडेल. मला स्वतःला म्हाळाचे सगळ्यात मोठे वैभव यातच वाटते.

म्हणून ‘आजोबांचा म्हाळ’ असे जे आपण सहज म्हणतो, ते भाषेच्या दृष्टीने चुकीचे नसले, तरी अर्थाच्या दृष्टीने घोटाळ्याचे आहे. म्हाळ कोणा एकाचा नसतो. त्याची तिथी तेवढी कोणा एकाची असते, बहुतेक घरांत कर्त्याच्या वडिलांची. आणि तिथीच्या नावावरूनच सगळा म्हाळ त्या माणसाच्या नावे लागतो.

तिथीच्या बाबतीत दोन्हींचे नियम इतके जवळचे आहेत, की चुका होतात त्या नेमक्या येथेच. वर्षाच्या श्राद्धाला महिना, पक्ष आणि तिथी ही तिन्ही लागतात. समजा, एखाद्या गृहस्थाचे वडील वैशाख शुद्ध पंचमीला वारले, तर त्यांची तिथ दर वर्षी वैशाख शुद्ध पंचमीलाच येणार. म्हाळासाठी मात्र महिना आणि पक्ष दोन्ही गळून पडतात आणि उरतो तो फक्त पंचमी हा आकडा: म्हाळ भाद्रपद वद्य पंचमीला. वडील कार्तिक वद्य पंचमीला गेले असते, तरी म्हाळ त्याच दिवशी आला असता. शुद्ध पक्षात गेलेल्या माणसाचा म्हाळ वद्य पक्षात कसा, असा संशय घेऊन भटजींशी वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचे उत्तर इतकेच, की पितरांचा पक्ष वद्यच, आणि सगळ्यांना त्या एकाच पंधरवड्यात बसवायचे असते.

याला काही अपवाद ठरलेले आहेत. पौर्णिमेला वारलेल्याची तिथी वद्य पक्षात येतच नाही, म्हणून त्याचा म्हाळ अष्टमी, द्वादशी किंवा अमावास्या यांपैकी एका दिवशी करण्याचा संकेत आहे. चतुर्दशी ही शस्त्राने, विषाने, आगीत, पाण्यात किंवा अशाच अपघाताने गेलेल्यांसाठी राखून ठेवलेली आहे. पंचांगात तिला घातचतुर्दशी म्हणतात. स्वाभाविक मृत्यू चतुर्दशीला आला असेल, तर त्याचा म्हाळ त्या दिवशी नसतो. किनाऱ्यावरच्या गावांत या दिवसाला फार अर्थ आहे, कारण पावसाच्या तोंडावर समुद्रावर गेलेली होडी परत आली नाही, अशी आठवण नसलेली वाडी शोधूनच काढावी लागेल. मात्र येथेही एक बारकावा आहे: चतुर्दशीचे श्राद्ध हे त्या एका माणसाला उद्देशून, म्हणजे एकोद्दिष्ट असते, घरातल्या इतर पितरांचा म्हाळ त्याने होत नाही, तो दुसऱ्या दिवशी वेगळा करावा लागतो. जो समुद्रात गेला आणि ज्याची मृत्यूची तिथी कळलीच नाही, त्याच्या वर्षाच्या श्राद्धासाठी, महिना ठाऊक असेल तर, त्या महिन्याची अमावास्या धरण्याची रीत आहे.

नवमीचेही तसेच. नवरा हयात असताना गेलेल्या बाईसाठी भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी, ठरलेली आहे. तिची स्वतःची तिथी कोणतीही असो. बहुतेक घरांत नवरा जिवंत असेपर्यंतच ही नवमी पाळतात. तिची वर्षाची तिथ मात्र तिच्याच महिन्यात, तिच्याच दिवशी होते. संन्याशांसाठी द्वादशी आहे. आणि ज्यांची तिथी माहीत नाही, राहून गेली, किंवा ज्यांचे नावही आता कोणाला आठवत नाही, त्या सगळ्यांसाठी शेवटी सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी गावात भटजी एक आणि बोलावणी वीस अशी अवस्था असते. पाने दुपारी तीन-साडेतीनपर्यंत ताटकळतात, आणि पोरेबाळे भुकेने कळवळून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घुटमळतात. श्राद्धाच्या आधी त्यांना काही द्यायचे नाही, हा आजीचा नियम मला तेव्हाही पटला नव्हता आणि आताही पटत नाही.

आता पंचांगाबद्दल. दोन्ही श्राद्धांची तिथी सूर्योदयाची नव्हे, तर अपराह्णाची पाहायची असते. दिवसाचे पाच भाग केले, तर त्यातला चौथा भाग म्हणजे अपराह्ण. सूर्य सहाला उगवून सहाला मावळतो असे धरले, तर साधारण 1 वाजून 12 मिनिटांपासून 3 वाजून 36 मिनिटांपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली छापलेली तिथी सूर्योदयाची असते. पंचमी सकाळी दहाला संपत असेल आणि आदल्या दिवशी दुपारभर पंचमीच असेल, तर श्राद्ध आदल्या दिवशी. पितृपंधरवड्यात ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण कॅलेंडरवाले ‘पंचमी श्राद्ध’, ‘षष्ठी श्राद्ध’ असे स्वतंत्र छापतात. वर्षाच्या तिथीला ही सोय नसते, आणि म्हणूनच एक दिवसाची चूक तेथे सर्रास होते.

त्याहून मोठी, पुऱ्या एका महिन्याची चूक मोबाइलमुळे होऊ लागली आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे आपल्या भाद्रपद वद्याला उत्तरेकडे आश्विन कृष्ण म्हणतात. दिवस तोच, नाव वेगळे. म्हाळ त्यामुळे चुकत नाही. पण कार्तिक वद्य पंचमीला गेलेल्या माणसाची तिथ हिंदी पंचांगाच्या अ‍ॅपवर ‘कार्तिक कृष्ण पंचमी’ अशी शोधली, तर अ‍ॅप जो दिवस दाखवील तो आपल्या आश्विन वद्य पंचमीचा असेल, म्हणजे एक महिना आधीचा. शुद्ध पक्षातल्या तिथींना हा धोका नाही.

अधिक मास आला की दोन्हींच्या वाटा थोड्या वेगळ्या होतात. अधिक भाद्रपदात म्हाळ होत नाही, तो निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या, भाद्रपदात होतो. 2012 साली असे झाले होते. गणपतीच मुळी 19 सप्टेंबरला बसले आणि पितृपंधरवडा थेट सप्टेंबरच्या अखेरीला सुरू झाला. वर्षाच्या श्राद्धात मात्र पहिल्या वर्षाचे आणि पुढच्या वर्षांचे यांत भेद करतात: पहिले वर्ष पुरे होताना ती तिथी अधिक महिन्यात आली तर तेथेच, आणि दुसऱ्या वर्षापासून निज महिन्यात.

ज्यांना ग्रंथाचा आधार हवा असतो, त्यांच्याकडचे पुरोहित बहुधा धर्मसिंधूकडे बोट दाखवतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी 1790 च्या सुमारास हा निबंध, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांचा संग्रहग्रंथ, रचला. त्यांचे घराणे मूळचे संगमेश्वराकडच्या गोळवलीचे, म्हणजे कोकणातलेच. या परंपरेत दोन श्राद्धांचे विश्वेदेव, म्हणजे पितरांबरोबर बोलावले जाणारे देव, तेसुद्धा निराळे आहेत. वर्षाच्या श्राद्धात पुरूरव आणि आर्द्रव, तर म्हाळात धूरि आणि लोचन. आपल्या ओसरीवर नेमके काय चालले आहे हे ज्याला ताडून पाहायचे असेल, त्याने भटजी विश्वेदेवांचे नाव घेतात तेवढ्या क्षणी कान द्यावा.

आता दोन्ही एकाच दिवशी आली तर? वडील भाद्रपद वद्यातच वारले असतील, तर त्यांची तिथ आणि म्हाळ यांचा दिवस एकच होतो. अशा वेळी एकाने दुसरे भागते, असे समजण्याचा मोह होतो. रीत अशी आहे, की त्या दिवशी वर्षाचे श्राद्ध करावे आणि म्हाळ त्याच पंधरवड्यात दुसऱ्या दिवशी, बहुधा अमावास्येला. या एका नियमातच दोन्ही कर्मे स्वतंत्र असल्याचा पुरावा आहे.

सुतक आडवे आले, तरी दोन्हींची वागणूक वेगळी असते. म्हाळ पंधरवड्यात राहिला, तर सूर्य वृश्चिक राशीत जाईपर्यंत तो करण्याची सवलत आहे. म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. घरात पहिले वर्ष चालू असताना म्हाळ करावा की नाही, याबद्दल मात्र घराघरांची रूढी वेगळी आहे आणि ती आपल्या घरच्या जाणत्या माणसालाच विचारावी.

वाटणी झालेल्या भावांचा प्रश्न आमच्याकडे भांडणापर्यंत जातो. चूल एक असेल, तर थोरल्याने केलेले सगळ्यांचे होते. चुली वेगळ्या झाल्या, की वर्षाचे श्राद्ध आणि म्हाळ दोन्ही ज्याने त्याने वेगळे करायचे, असे शास्त्र सांगते. व्यवहारात पुष्कळदा उलटे दिसते: जमिनीसाठी कोर्टात उभे राहिलेले भाऊ म्हाळाला मूळ घरी एकत्र येतात, कारण पितर त्या घरचे आहेत, असे ते मानतात. त्यांना कोणी धर्मसिंधू वाचून दाखवू नये.

गयेला किंवा हरिहरेश्वराला विष्णुपदावर पिंड देऊन आल्यावर पुढे काही करायला नको, अशी एक समजूत या दोन्हींच्या मध्ये घुसते. ते तीर्थश्राद्ध, तिसरीच गोष्ट. त्याने ना वर्षाची तिथ बंद होते ना म्हाळ, असेच बहुतेक पुरोहित सांगतात. शक्ती नसेल त्याच्यासाठी शिधा देऊन करायचे आमश्राद्ध आणि दक्षिणा देऊन करायचे हिरण्यश्राद्ध आहेच.

जुन्या घरांत यासाठी एक वही असे. वर्षाच्या तिथींची तिची पाने सोपी: माणसाचे नाव, महिना, पक्ष, तिथी, आणि मृत्यू दुपारी की रात्री तेही, म्हणजे तिथीबद्दल शंका उरत नाही. म्हाळाचे पान मात्र वेगळे लिहावे लागते. त्यावर तिथी एकच, वडिलांची. आणि तिच्याखाली आईच्या माहेरची तीन पिढ्यांची नावे, मामा, आत्या, मावश्या, सासरे, प्रत्येकाचे गोत्र. पहिली पाने मृत्यूच्या दाखल्यावरून आणि जुन्या पंचांगावरून आजही भरून काढता येतात. दुसरे पान भरायचे, तर आईच्या माहेरी जाऊन तेथल्या कोणा म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे लागते, आणि तेही ते माणूस आहे तोवर.