मारिन्येर

मारिन्येर : पांढऱ्या किंवा सायीच्या रंगाच्या जमिनीवर निळ्या आडव्या पट्ट्या असलेला, लांब बाह्यांचा, बोट नेकचा (आडव्या, उथळ गळ्याचा) सुती होजिअरीचा फ्रेंच सदरा. खलाशांच्या गणवेशातून आलेला हा कपडा फ्रान्समध्ये तान्ह्या बाळापासून आजीआजोबांपर्यंत सगळेच वापरतात.

फ्रेंच नौदलाने २७ मार्च १८५८ च्या आदेशाने तो खलाशांच्या अधिकृत कपड्यांत घेतला. अधिकाऱ्यांसाठी तो नव्हता. मापे काटेकोर होती : अंगावर २० मिमी रुंदीच्या २१ पांढऱ्या पट्ट्या आणि १० मिमी रुंदीच्या २० किंवा २१ निळ्या पट्ट्या. म्हणजे पट्ट्यांचा भाग ६२–६३ सेंमी भरतो. बाही आखूड, पाऊण लांबीची असे, कारण ती वरच्या डगल्यातून बाहेर दिसता कामा नये. २१ पट्ट्या म्हणजे नेपोलियनचे २१ विजय, ही कथा दुकानदारांची आवडती असली तरी तिला भक्कम आधार नाही.

पांढरे दोन भाग आणि निळा एक भाग, हे प्रमाणच मारिन्येरची ओळख आहे. दोन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या केल्या की तोच सदरा रात्रीच्या पायजम्यावरचा वाटू लागतो. जमीन शुभ्र असण्यापेक्षा सायीच्या रंगाची असेल तर निळा रंग मऊ दिसतो आणि जुनेपणही लवकर उघडे पडत नाही.

खलाशांचा हा कपडा शहरी पेहरावात येण्याचे बरेचसे श्रेय फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शानेलला दिले जाते. १९१३ मध्ये तिने दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी दुकान काढले आणि पुढच्या काही वर्षांत, तोवर पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरले जाणारे जर्सी कापड बायकांच्या सैल कपड्यांसाठी वापरले. १९३६ च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि समुद्रकाठची सुट्टी श्रीमंतांपुरती राहिली नाही. पुढे हा सदरा घातलेल्या चित्रकार पिकासोची छायाचित्रे आली. १९८० च्या दशकात फॅशन डिझायनर जाँ पॉल गोतिएने पट्ट्यांना आपली खूण बनवले; १९९५ च्या त्याच्या अत्तराची बाटलीही पट्टेदार धडाच्या आकाराची होती. २०१२ मध्ये उद्योगमंत्री आर्नो माँतबूर स्वदेशी मालाच्या प्रचारासाठी मारिन्येर घालून एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. थट्टा भरपूर झाली, पण चर्चाही तितकीच.

सदरा तोच राहतो. पिढीगणिक बदलते ते त्याच्यासोबतचे. वयस्क बाई तो गडद निळ्या कार्डिगनखाली, सरळ पँटवर घालते आणि गळ्यात रुमाल बांधते. चाळिशीतल्या बाईचा ब्लेझर, जीन्स आणि सपाट बूट ठरलेले. तरुण मुले दोन मापे मोठा घेतात, अनेकदा जुन्या कपड्यांच्या दुकानातून किंवा थेट वडिलांच्या कपाटातून. उलटही घडते : ‘पेती बातो’ या १८९३ पासूनच्या, फ्रान्समधील त्र्वा येथील कंपनीच्या मुलांच्या कपड्यांवर माप वयात लिहिलेले असते, आणि १६–१८ वर्षांच्या मापाचे सदरे सडपातळ बायका स्वतःसाठी घेतात. सगळ्यांना लागू पडणारा संकेत एकच : पट्टे एकाच कपड्यावर, बाकी सारे सपाट रंगाचे.

घेताना सदरा उलटा करून पाहावा. पट्टी विणलेली असेल तर रंग आतूनही तितकाच गडद दिसतो. छापील पट्टी आतून फिकी असते आणि धुण्याने विटते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसावी. बोट नेक आडवा आणि उथळ असतो. शिवण खाली उतरली की गळा एका बाजूला घसरतो आणि आतल्या ब्राचा पट्टा दिसतो. बगलेखालच्या शिवणीवर पुढच्या-मागच्या पट्ट्या जुळतात का, हेही पाहावे. गोल यंत्रावर विणीची ओळ स्क्रूच्या आट्यासारखी किंचित चढत जाते, त्यामुळे कापड न कापता नळीसारखेच वापरले तर एका जागी पट्टी सरकलेली दिसते. चांगले कारखाने कापड कापून, पट्ट्या जुळवून कडेला शिवतात. काही धुण्यांनंतर कडेची शिवण पोटाकडे वळली, तर दोष सुताच्या पिळाचा असतो. इस्त्रीने तो जात नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा सदरा वेगळा, थंड पाण्यात धुवावा. ओला गोळा तसाच पडून राहिला तर निळा रंग पांढऱ्यावर उतरतो, म्हणून लगेच पसरावा. नंतर ३० अंशांवर, उलटा करून धुतला तरी चालतो. गरम ड्रायरमध्ये सुती होजिअरी आटते, आणि ती रुंदीपेक्षा लांबीत जास्त. खांद्यांना चिमटे लावून टांगल्यास गळा ताणला जातो; आडवा पसरून वाळवावा. ब्लीच टाळावे, त्याने पांढरे उजळण्याआधी निळे मरते. ब्रेतोन (फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील) कोळ्यांचा जाड लोकरी पट्टेदार स्वेटर हा वेगळा कपडा. त्याची बटणे डाव्या खांद्यावर असतात आणि त्याला लोकरीसाठीचाच साबण लागतो.